जहाजाने बर्म्युडाला जाताना

मराठी घरांत 'बर्म्युडा' हा शब्द दोन वाटांनी शिरला. एक वाट कपड्यांच्या दुकानातून येते : गुडघ्यापर्यंत येणारी, सुट्टीच्या दिवशी भाजी आणायला जाताना घालायची विजार. दुसरी शाळेच्या वाचनालयातून : जहाजे आणि विमाने गिळणारा समुद्रातला त्रिकोण. बेटावर उतरल्यानंतर या दोन्ही ओळखी थोड्या दुरुस्त कराव्या लागतात. तिथे ही विजार कोट, टाय आणि गुडघ्यापर्यंत ओढलेल्या मोज्यांबरोबर घालतात आणि बँकेतला अधिकारी त्याच वेषात कामावर जातो. त्रिकोणाचे नाव १९६४ साली व्हिन्सेंट गॅडिस या लेखकाने एका अमेरिकन मासिकातील लेखामुळे प्रचारात आणले. पण बेटाभोवती जहाजे त्याआधी कित्येक शतके फुटत होती आणि त्याचे कारण पाण्याखाली स्वच्छ दिसते. ते प्रवाळाचे खडक आहेत.

अलीकडे तिसरी एक वाट पडली आहे. न्यू जर्सीत मुलामुलींकडे उन्हाळ्यात राहायला जाणाऱ्या आईवडिलांच्या कार्यक्रमात नायगारा आणि वॉशिंग्टन यांच्या जोडीला क्रूझ आली आहे. बायोन किंवा मॅनहॅटनच्या धक्क्यावरून जहाज निघते, साधारण दोन रात्रींनी बर्म्युडाला लागते, दोन-तीन दिवस तिथे थांबते आणि पुन्हा दोन रात्रींनी परत आणून सोडते. विमान नको, सामान पुन्हा पुन्हा बांधणे नको, त्यामुळे वय झालेल्या माणसांना ही सहल मानवते. २०२३ च्या जूनमध्ये माझी आई, धाकटी बहीण, तिचे यजमान आणि त्यांची मुले यांच्याबरोबर मी ती केली. तेव्हापासून महाविद्यालयातले सहकारी, शेजारी, जुन्या विद्यार्थ्यांचे पालक 'काय न्यावं, काय बघावं' असे विचारत असतात. त्या उत्तरांची ही जुळवणी आहे.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. जहाज अमेरिकेच्या हद्दीबाहेर जाते आणि परत येताना पुन्हा प्रवेश घ्यावा लागतो. तेव्हा पाहुण्यांचा अमेरिकन व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे आणि तो परतीनंतरही पुरेसे दिवस वैध आहे, हे तिकीट काढण्यापूर्वी पाहावे. निघण्याच्या दिवशी मोठ्या बॅगा धक्क्यावर ताब्यात घेतात आणि त्या खोलीपर्यंत यायला कधीकधी संध्याकाळ होते. रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे, चष्मा, पासपोर्ट आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीतच असावा. जहाज सुटण्यापूर्वी सुरक्षेची कवायत असते. आपले जमण्याचे ठिकाण कोणते ते पायांनी जाऊन पाहून घ्यावे, नुसते ऐकून सोडून देऊ नये. शाकाहारी माणसांनी पहिल्याच रात्री जेवणघरातल्या प्रमुखाला तसे सांगावे. दुसऱ्या दिवसापासून वरण-भाताच्या जवळपासचे काहीतरी पानात येऊ लागते. फोन समुद्रात एअरप्लेन मोडवर ठेवावा, कारण जहाजाचे स्वतःचे मोबाइल जाळे पकडले गेले तर महिन्याचे बिल पाहून घाबरायला होते.

दुसरी गोष्ट बोट लागण्याची. कोकणातल्या जुन्या माणसांना हा वाक्प्रचार समजावून सांगावा लागत नाही. न्यूयॉर्क सोडल्यावर जहाज गल्फ स्ट्रीम हा उष्ण प्रवाह ओलांडते आणि तिथे वारा उलटा असला तर एवढे मोठे जहाजही डुलते. खोली घेताना मधल्या भागातली आणि खालच्या मजल्यावरची घ्यावी, डोलणे कमी जाणवते. रिकाम्या पोटी राहू नये. डॉक्टरांना विचारून गोळी जवळ ठेवावी आणि आलेपाकही ठेवावा. माझ्या आईने लहानपणी विजयदुर्गाहून मुंबईला जाणाऱ्या आगबोटीच्या उघड्या डेकवर, वळकटीवर बसून प्रवास केला होता. किनाऱ्यापासून पडावाने बोटीपर्यंत जायचे आणि शिडीवर कोणीतरी हात देऊन ओढून घ्यायचे. नव्या जहाजात सतरा मजले आणि उद्वाहन पाहून ती म्हणाली, "ह्यात समुद्र कुठाय?" प्रश्न खरा होता. रंगमंच, दुकाने आणि पोहण्याचे हौद यांच्या गर्दीत समुद्र शोधून काढावा लागतो. तो सकाळी सहाच्या सुमारास मागच्या डेकवर सापडतो. आम्ही दोघी रोज तिथे चहा घेऊन बसत असू.

आता बेटाविषयी. बर्म्युडा कॅरिबियनमध्ये नाही. ते ३२ अंश उत्तर अक्षांशावर, अमेरिकेच्या किनाऱ्यापासून हजार किलोमीटरहून थोडे अधिक अंतरावर, अटलांटिकमध्ये एकटे आहे. क्षेत्रफळ सुमारे ५३ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या मूळ शहराहूनही लहान; वस्ती साठ-पासष्ट हजारांची. गल्फ स्ट्रीममुळे हिवाळ्यात बर्फ पडत नाही, पण समुद्र गार होतो. पोहायचे असेल तर जून ते ऑक्टोबर चांगले. वादळांचा हंगामही साधारण तोच. २०१४ मध्ये एकाच आठवड्यात फे आणि गोन्झालो ही दोन चक्रीवादळे या बेटावरून गेली. वादळाची चाहूल लागली की जहाज मार्ग बदलते आणि बेट दिसतच नाही, ही शक्यता मनात धरून ठेवावी.

मोठी जहाजे पश्चिम टोकाला, रॉयल नेव्हल डॉकयार्डच्या धक्क्यांवर लागतात. तिथे दुकाने आहेत, खाण्याची ठिकाणे आहेत आणि बरेचसे प्रवासी तेवढेच पाहून परततात. तसे करू नये. भाड्याने नेहमीची मोटार मिळत नाही; परदेशी पाहुण्यांना तिथे ती चालवता येत नाही. २०१७ पासून दोघांपुरत्या छोट्या विजेच्या गाड्या मिळतात आणि स्कूटर तर पूर्वीपासून मिळते. वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात म्हणून आपल्याकडच्या लोकांना स्कूटरचा मोह होतो. पण रस्ते अरुंद, वळणांचे आणि दोन्ही बाजूंना दगडी भिंती असलेले आहेत. वेगमर्यादा ताशी ३५ किलोमीटर आहे ती उगीच नाही. गुलाबी रंगाची सरकारी बस आणि फेरीबोट यांचा एक-दोन दिवसांचा पास काढावा. बसथांब्याच्या खांबाचा रंग पाहावा : गुलाबी खांबापाशी हॅमिल्टनकडे जाणारी बस थांबते, निळ्यापाशी हॅमिल्टनहून येणारी. अमेरिकन डॉलर बरोबरीने चालतो. सुटे पैसे मात्र बर्म्युडाच्या डॉलरमध्ये हातात येतात आणि ते बेटाबाहेर कोणी घेत नाही, म्हणून तिथेच खर्च करून टाकावेत. पोहण्याच्या कपड्यांवर बसमध्ये किंवा गावात फिरू नये, त्याचा तिथे राग येतो. आणि जहाजावरची फळे खाली नेऊ नयेत.

सात नंबरची बस दक्षिण किनाऱ्याने जाते. वाटेत हॉर्सशू बे लागतो. छायाचित्रांत असते तेवढी तिथली वाळू गुलाबी नसते. ओंजळीत घेतली की लाल-गुलाबी कण दिसतात. ते प्रवाळाच्या आधाराने वाढणाऱ्या एका सूक्ष्म एकपेशीय जीवाच्या कवचाचे चूर्ण आहे. ही वाळू बाटलीत भरून आणण्यात काही अर्थ नाही. घरी ती फक्त वाळू असते. पाण्यात निळसर फुग्यासारखे काही तरंगताना दिसले तर हात लावू नये. पावसाळ्यात जुहूच्या किनाऱ्यावर ज्यांनी 'ब्लू बॉटल' पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको.

या बसमध्ये आईचे लक्ष समुद्राकडे नव्हते, घरांच्या छपरांकडे होते. घरांचे रंग पिवळे, निळे, फिकट गुलाबी. छपरे मात्र सगळी पांढरीशुभ्र आणि पायऱ्यापायऱ्यांची. तिने मला विचारले, मी समोरच्या बाकावरच्या बाईंना विचारले. बेटावर नदी नाही, गोड्या पाण्याचा तलाव नाही. छपरे चुनखडीच्या फरश्यांची असतात. पायऱ्यांमुळे पावसाच्या पाण्याचा जोर मोडतो, कडेच्या पन्हळीतून ते नळीत उतरते आणि घराखालच्या टाकीत साठते. पूर्वी त्यावर चुना फासत, त्याने पाणीही शुद्ध राही. घर बांधताना छपराच्या मानाने टाकी बांधणे कायद्याने आवश्यक आहे. फरश्यांच्या वजनामुळे वादळातही छप्पर सहसा उडत नाही. मी हे सांगितल्यावर आई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "म्हणजे ह्यांची विहीर छपरावर आहे की गं." मग पागोळ्यांखाली मांडलेल्या हंड्या-कळश्यांची आठवण निघाली. आमच्या गावी चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकर येतो. बर्म्युडाचा पाऊस वर्षभर विखुरलेला आणि त्याच्या निम्मा आहे. त्यावर तिथली माणसे तीन-चारशे वर्षे राहत आली आहेत. बेट पाहायला जाणाऱ्याने निदान एका घराचे छप्पर नीट पाहावे, असे मी म्हणेन.

परतल्यावर डॉकयार्डसाठी अर्धा दिवस ठेवावा, पण दुकानांसाठी नव्हे. अमेरिकन वसाहती हातच्या गेल्यावर ब्रिटिशांना अटलांटिकमध्ये आरमारी तळ हवा होता. १८२४ ते १८६३ या काळात ब्रिटन आणि आयर्लंडमधून आणलेल्या सुमारे नऊ हजार शिक्षेच्या कैद्यांकडून त्याची बांधणी करून घेतली. कैद्यांना ठेवायला तुरुंग नव्हता. मोडीत निघालेली युद्धनौका नांगरून तिच्या पोटात त्यांना कोंडत. पीतज्वराने आणि कष्टांनी त्यांतले बरेच मेले. जहाज या शब्दाचा हा अर्थ, आपण ज्या जहाजातून उतरलो त्याच्या अगदी जवळ उभे राहून कळतो. आयरिश क्रांतिकारक जॉन मिचेल १८४८ मध्ये अशाच एका नौकेवर बंदी होता. त्याची 'जेल जर्नल' १८५४ साली पुस्तकरूपाने आली. मराठी वाचकाला इथे अंदमान आणि 'माझी जन्मठेप' आठवणे अपरिहार्य आहे. तसे ते मलाही आठवले. पण हाच मिचेल पुढे अमेरिकेत जाऊन गुलामगिरीचा उघड पुरस्कर्ता झाला. साम्राज्याच्या बेड्या भोगलेला माणूस दुसऱ्याच्या बेड्या न्याय्य ठरवू शकतो, ही गोष्ट वर्गात शिकवायला अवघड आणि म्हणूनच शिकवायला हवी अशी आहे. डॉकयार्डातल्या राष्ट्रीय संग्रहालयात, कमिशनर्स हाउस या जुन्या इमारतीत, गुलामगिरीविषयीची दालने आहेत. ती चुकवू नयेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी फेरीने हॅमिल्टनला जावे, वीस मिनिटे लागतात. उतरल्यावर पहिला नियम : काहीही विचारण्यापूर्वी 'गुड मॉर्निंग' म्हणावे. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना, पत्ता विचारताना. थेट प्रश्न विचारणे तिथे उद्धटपणाचे समजतात. या रिवाजाचा एक अनभिषिक्त राजा होता. जॉनी बार्न्स नावाचे गृहस्थ कित्येक वर्षे पहाटेपासून हॅमिल्टनबाहेरच्या चौकात उभे राहून कामावर जाणाऱ्या प्रत्येकाला हात करीत, तुमच्यावर माझे प्रेम आहे असे ओरडून सांगत. २०१६ साली ते वारले. त्यांचा पुतळा त्यांच्या हयातीतच, १९९८ मध्ये, उभारला गेला होता. आपल्याकडे 'रामराम' म्हणायला माणूस ओळखीचा असावा लागतो. इथे ओळख नसली तरी अभिवादन आधी.

हॅमिल्टनच्याच बाजारात, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, मेरी प्रिन्स ही साधारण बारा वर्षांची मुलगी तिच्या बहिणींबरोबर विकली गेली. तिची आईच त्या तिघींना बाजारात घेऊन आली होती, कारण मालकाचा हुकूम होता. पुढे टर्क्स बेटावरच्या मिठागरांत मेरीने वर्षानुवर्षे काम केले, मग अँटिग्वा, मग लंडन. १८३१ साली लंडनमध्ये तिची आत्मकथा प्रसिद्ध झाली. ती तिने सांगितली आणि दुसऱ्यांनी लिहून घेतली. ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेली कृष्णवर्णीय स्त्रीची ही पहिली जीवनकथा मानतात. बर्म्युडाच्या क्रिकेटच्या सणातला दुसरा दिवस पूर्वी बेटाच्या इंग्रज संस्थापकाच्या नावाने ओळखला जाई. २०२० पासून तो मेरी प्रिन्सच्या नावाने ओळखला जातो. तिचे पुस्तक लहान आहे. जहाजावरच्या दोन रात्रींत वाचून होते.

फेरीच्या धक्क्यापासून थोडे चालल्यावर बार्स बे पार्क नावाची बाग आहे. तिथे एक शिल्प आहे आणि त्यामागे ही हकिगत. फेब्रुवारी १८३५ मध्ये 'एंटरप्राइझ' नावाचे अमेरिकन जहाज वादळाने भरकटून हॅमिल्टनला लागले. त्यात ७८ गुलाम होते. बर्म्युडात गुलामगिरी त्याआधी जेमतेम सहा-सात महिने, १ ऑगस्ट १८३४ रोजी, संपली होती. बेटावरच्या नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या एका मंडळाने न्यायालयातून हुकूम मिळवला. त्या सर्वांना रात्री न्यायाधीशांपुढे आणले आणि एकेकाला विचारले : इथे स्वतंत्र राहायचे, की जहाजाबरोबर पुढे जायचे? ७२ जण राहिले. मटिल्डा रिजली नावाची एक स्त्री आणि तिची पाच मुले परत जहाजावर गेली.

शिल्पापाशी बाकावर बसून मी हे सांगितले. धाकटीची मुले बहात्तरांविषयी प्रश्न विचारू लागली : त्यांना घरे कोणी दिली, काम काय मिळाले. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ती सहाजणं का गेली असतील?" धाकटी म्हणाली, घाबरली असेल. आई म्हणाली, "घाबरली असेल. किंवा तिचं कोणी तिकडे असेल. नवरा असेल, म्हातारी आई असेल. तिला बेड्या दिसत नव्हत्या असं नाही."

इथे थोडे घरचे सांगणे भाग आहे. वडील जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. आईने ग्रीन कार्ड घ्यावे आणि न्यू जर्सीलाच राहावे, असे धाकटीच्या मनात होते. महिनाभर तो विषय रोज निघत होता आणि आई होय म्हणत नव्हती, नाहीही म्हणत नव्हती. एका गुलाम स्त्रीच्या निवडीशी आमच्या सुखवस्तू घरातल्या प्रश्नाची तुलना करणे अनुचित आहे, आणि आईनेही ती केली नाही. तिने फक्त त्या बाईला मूर्ख ठरवू दिले नाही. मोकळीक समोर ठेवली की माणूस ती घेणारच, हे आपण गृहीत धरतो. आणि ज्याच्यासाठी ती ठेवली त्याचे कोण कुठे आहे हे विचारायचे राहून जाते. धाकटीला ते कळले असावे. त्यानंतर ग्रीन कार्डाचा विषय निघाला नाही. सप्टेंबरात आई आपल्या घरी परतली, हंड्या-कळश्यांच्या घरी. धाकटी रोज रात्री फोन करते. कधीकधी फोनवर नुसती भांडतात. हे बरे झाले की वाईट, याचा निर्णय अजून झालेला नाही.

वेळ उरला तर पूर्वेच्या टोकाला सेंट जॉर्जला जावे. १६०९ साली व्हर्जिनियाला निघालेले 'सी व्हेंचर' हे जहाज इथल्या खडकांवर आदळले आणि त्यावरची सुमारे दीडशे माणसे वाचली. बेटावरची वस्ती त्या अपघातातून सुरू झाली. शेक्सपिअरच्या 'टेम्पेस्ट'मागे या हकिगतीची वर्णने आहेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. २००० पासून हे गाव जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या सेंट पीटर्स चर्चच्या आवारात गुलामांसाठी आणि मुक्त कृष्णवर्णीयांसाठी भिंतीपलीकडे वेगळी दफनभूमी आहे. आपल्याकडच्या गावांत स्मशाने वेगळी असतात, हे माहीत असलेल्या माणसाला ती भिंत समजायला मार्गदर्शक लागत नाही.

गप्पा मारायला विषय हवा असेल तर क्रिकेट काढावे. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारच्या आधीचा गुरुवार आणि शुक्रवार बेट बंद असते आणि सॉमरसेट विरुद्ध सेंट जॉर्ज हा १९०२ पासूनचा सामना चालतो. आपण भारतातून आलो म्हटल्यावर तिथली प्रौढ माणसे हमखास २००७ च्या विश्वचषकाचे नाव काढतात. पोर्ट ऑफ स्पेनला भारताने त्यांच्याविरुद्ध ४१३ धावा केल्या. त्या कोणाच्या लक्षात नाहीत. लक्षात आहे तो ड्वेन लेव्हरॉक या अगडबंब खेळाडूने स्लिपमध्ये सूर मारून घेतलेला रॉबिन उथप्पाचा झेल. आपणही तोच लक्षात ठेवावा.

शेवटी घड्याळ. बर्म्युडाचे घड्याळ न्यूयॉर्कच्या एक तास पुढे असते. जहाज कोणती वेळ पाळते ते उतरण्यापूर्वी विचारून मनगटावर तीच लावावी. जहाज सुटण्याच्या किमान अर्धा तास आधी शिडी बंद होते आणि राहिलेल्यांसाठी कोणी थांबत नाही. दुपारच्या फेरीला रांगा लागतात, तेव्हा एक फेरी आधीची धरावी. आणि बरोबर वडीलधारी माणसे असतील तर कार्यक्रमाच्या कागदावर रोज एक तास रिकामा ठेवावा. त्या तासात त्यांना कुठेही नेऊ नये, काही दाखवू नये. सावलीतला एक बाक आणि पिण्याचे पाणी, एवढे पुरते.